गावच्या पेपरात नाव

जिल्ह्याच्या पेपरात नाव छापून येणं ही आपल्याकडे अजूनही मोठी गोष्ट आहे. मुंबई-पुण्याच्या पेपरातलं नाव लोक वाचतात आणि विसरून जातात. जिल्हा आवृत्तीत आलेलं नाव मात्र चार दिवस टपरीवर, एसटीत, सोसायटीच्या मीटिंगला पुन्हा पुन्हा निघत राहतं. दहावीला शाळेत पहिली आलेली मुलगी, पतसंस्थेवर बिनविरोध निवडून आलेले संचालक, निवृत्त ग्रामसेवकांचा सत्कार, मंडळाच्या अध्यक्षाचा वाढदिवस. लोक कात्रणं कापून ठेवतात, लॅमिनेट करून भिंतीला लावतात, हल्ली फोटो काढून स्टेटसला ठेवतात. पेपर जितका लहान, तितकं त्यातलं नाव मोठं.

म्हणूनच त्या पेपरात नको तेव्हा नाव येण्याची धास्तीही तितकीच मोठी असते. मोठ्या शहरात 'एका तरुणाने' असं छापलं की तो लाखो तरुणांत हरवून जातो. तालुक्याच्या पानावर 'अमुक गल्लीत राहणारा, अमुक कॉलेजात शिकणारा' एवढं लिहिलं तरी नाव छापायची गरजच उरत नाही. दूधवाल्यालाही घर सापडतं. समलिंगी जोडप्यांच्या वाट्याला गावचा पेपर आजवर बहुतेक या दुसऱ्याच बाजूने आलेला आहे. साखरपुड्याला, गृहप्रवेशाला, निधनाला पेपर त्यांच्या दारी जात नाही. पोलिसांची गाडी आली की मात्र जातो.

पेपरने या जोडप्यांना न्याय द्यावा म्हणजे त्यांच्यावर अग्रलेख लिहावेत, असं मी म्हणत नाही. बाकीच्या गावाला पेपर जे देतो, म्हणजे आनंदाच्या वेळी जागा आणि अडचणीच्या वेळी आडोसा, ते यांनाही मिळावं. मागणी एवढीच आहे, आणि ती पुरी होताना क्वचितच दिसते.

आडोसा काढून घेतला की काय होतं, हे मराठी माणसाने तरी विसरू नये. डॉ. रामचंद्र सिरस नागपूरकडचे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवायचे, आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुख होते. कवी होते, त्यांच्या संग्रहाला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता. 8 फेब्रुवारी 2010 च्या रात्री स्थानिक वाहिनीशी संबंधित माणसं कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसली. आत सिरस आणि त्यांचा सोबती होता. दुसऱ्या दिवशी विद्यापीठाने सिरसांना निलंबित केलं. त्याच्या काही महिने आधी, 2 जुलै 2009 रोजी, दिल्ली उच्च न्यायालयाने सज्ञान माणसांमधले असे खाजगी संबंध गुन्हा नाहीत असा निकाल दिलेला होता. म्हणजे त्या खोलीत गुन्हा घडत नव्हताच. घडला तो दारात, कॅमेरा घेऊन घुसणाऱ्यांकडून. 1 एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने सिरसांच्या बाजूने आदेश दिला आणि 7 एप्रिलला ते आपल्या भाड्याच्या घरात मृतावस्थेत सापडले. निवृत्तीला थोडेच महिने उरले होते.

सिरसांचा विषय निघाला की लोक विद्यापीठाला दोष देतात, आणि तो द्यायलाच हवा. पण मला त्या कॅमेऱ्याचा जास्त राग येतो. विद्यापीठाला काही कळलं ते त्या चित्रीकरणामुळे. स्थानिक पत्रकाराला गावातल्या माणसाच्या दारापर्यंत जो सहज प्रवेश असतो, तो ओळखीतून आलेला असतो, विश्वासातून आलेला असतो. तोच प्रवेश वापरून माणसाचं दार फोडलं गेलं. भारतीय प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत खाजगीपणाबद्दल स्वच्छ लिहिलेलं आहे: खरंखुरं सार्वजनिक हित असेल तरच खाजगी आयुष्यात शिरावं, चवीने चघळायच्या कुतूहलासाठी शिरू नये. हा नियम पेपरांसाठी आहे, वाहिनीसाठी नाही, असं म्हणून कुणी हात झटकू नयेत. तालुक्याला पेपर, केबल आणि यूट्यूब चॅनल या तिन्हींचा बातमीदार पुष्कळदा एकच असतो.

दुसरी गोष्ट आपल्याच यवतमाळची. 30 डिसेंबर 2017 रोजी तिथल्या एका हॉटेलात दोन पुरुषांनी लग्नाचा समारंभ केला. एक मूळचा यवतमाळचा, परदेशात नोकरी करणारा, दुसरा व्हिएतनामचा. नातलग-मित्र जमले, फोटो निघाले, आणि नव्या वर्षात ती बातमी झाली. बातमी आल्यावर पोलिसांनी चौकशी सुरू केली. तेव्हा समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं कलम 377 पुन्हा लागू होतं, कारण 11 डिसेंबर 2013 ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीचा निकाल फिरवला होता. म्हणजे एका घरातलं मंगलकार्य आधी पेपरात गेलं आणि तिथून ठाण्याच्या टेबलावर.

चार वर्षांनी, डिसेंबर 2021 च्या अखेरीस, शेजारच्या नागपुरात दोन महिला डॉक्टरांनी एकमेकींना अंगठ्या घातल्या. त्याचीही बातमी झाली, फोटो देशभर गेले, पण या वेळी पोलीस त्यांच्या दारी गेले नाहीत. दोघी पत्रकारांशी मोकळेपणाने बोलल्या, लग्न गोव्यात करायचा बेत सांगितला, आणि बातम्यांमध्ये चक्क आई-वडिलांची प्रतिक्रियाही होती, एरवी साखरपुड्याच्या बातमीत असावी तशी. मधल्या काळात, 6 सप्टेंबर 2018 ला, असे संबंध गुन्हा नाहीत असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला होता, त्याचा हा फरक. पण अजून एक फरक होता. नागपूरच्या दोघींनी आपली गोष्ट स्वतः सांगितली. बोलायचं त्यांनी ठरवलं आणि कितपत बोलायचं तेही त्यांनीच.

मी काही वर्षं एका जिल्हा दैनिकाच्या डेस्कवर होतो. रात्री आठ-नऊनंतर तालुक्यांच्या बातम्यांचा लोंढा यायचा. पाणीटंचाई, अपघात, ग्रामसभा, भुरट्या चोऱ्या. एका रात्री एका बातमीदाराकडून बातमी आली: दोन मैत्रिणी घर सोडून पसार, समलिंगी संबंधांची गावात चर्चा. खाली दोघींची पूर्ण नावं, वडिलांची नावं, गाव, कॉलेज, वय. एक एकवीस वर्षांची, दुसरी तेवीस. कॉलेजच्या गॅदरिंगमधला फोटोही सोबत होता.

आमच्या वृत्तसंपादकांना सगळे काका म्हणायचे. काकांनी बातमीदाराला फोन लावला.

"गुन्हा काय दाखल झालाय?"

"गुन्हा नाही काका, मिसिंग आहे."

"मुलींनी काही कळवलंय का?"

"हो, ठाण्यात फोन केला होता. मर्जीने गेलोय म्हणाल्या."

"मग चर्चा कोण करतंय?"

"गावात सगळेच..."

"गाव चर्चा करतंय ही बातमी असेल तर रोज दोन पानं जास्त काढावी लागतील. सज्ञान आहेत, मर्जीने गेल्यात, ठाण्याला सांगितलंय. हिच्यात छापण्यासारखं काय आहे ते मला सांग."

त्या जागी नळ योजनेच्या रखडलेल्या कामाची सिंगल कॉलम बातमी लागली. दुसऱ्या दिवशी प्रतिस्पर्धी पेपरात तीच बातमी तीन कॉलमात, फोटोसकट आली. त्या भागातल्या आमच्या एजंटाने तक्रार केली, वितरण विभागाने विचारणा केली, आणि काकांना वर जाऊन उत्तर द्यावं लागलं. त्यांनी ते दिलं. वर काय बोलणं झालं ते कधी सांगितलं नाही, पण पुढच्या आठवड्यातही ते त्याच खुर्चीवर होते.

या प्रकरणातली मला खरी अस्वस्थ करणारी गोष्ट नंतर कळली. मुलींच्या घरच्यांनी पोलिसांना पुन्हा एक अर्ज दिला, आणि त्या अर्जाला प्रतिस्पर्धी पेपरातल्या कात्रणाची झेरॉक्स जोडलेली होती. आमच्या बातमीदाराने ती पाहिली. गावातली कुजबुज पेपरात गेली आणि पेपरातून पुरावा म्हणून परत आली. बातमी देणाऱ्याला वाटतं आपण घडलेलं सांगितलं. अर्जदाराच्या हातात तोच कागद अधिकृत होतो. ठाणे अंमलदारालाही मग काहीतरी केल्यासारखं दाखवावं लागतं.

न्यायालयं या बाबतीत आपल्या डेस्कांच्या पुष्कळ पुढे गेलेली आहेत. मदुराईहून चेन्नईला आलेल्या दोन तरुणींनी संरक्षण मागितलं, तेव्हा मद्रास उच्च न्यायालयाचे न्या. आनंद वेंकटेश यांनी मान्य केलं की या विषयात आपले स्वतःचे पूर्वग्रह आहेत, आणि ते दूर करण्यासाठी ते स्वतः एका मानसतज्ज्ञासमोर बसले. जून 2021 च्या त्यांच्या आदेशात हे सगळं नोंदलेलं आहे. पुढे त्याच प्रकरणातून पत्रकारांनी कोणते आदराचे शब्द वापरावेत याची यादीही झाली आणि ऑगस्ट 2022 मध्ये तामिळनाडू सरकारने ती राजपत्रात प्रसिद्ध केली. केरळात आदिला आणि नूरा यांना घरच्यांनी वेगळं केलं होतं. 31 मे 2022 रोजी उच्च न्यायालयाने त्यांना विचारलं, एकत्र राहायचंय का? हो म्हणाल्या. प्रश्न तिथेच मिटला. मार्च 2024 मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या न्यायालयांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या: अशा प्रकरणात व्यक्तीशी एकांतात बोला, तिच्यावर घरच्यांचा दबाव नाही याची खात्री करा, समुपदेशनाच्या नावाखाली तिची ओळख बदलायचा प्रयत्न करू नका, संरक्षण मागितलं तर लगेच द्या. देशाचं सर्वोच्च न्यायालय एवढ्या काळजीने जे झाकतं, ते तालुका प्रतिनिधीने फोटोसकट उघडं करू नये, ही अपेक्षा फार नाही.

आणि आता तर पेपर रद्दीतही जात नाही. पूर्वी महिन्याभराने कात्रणाचा मालमसाला संपायचा, पेपर पुडीला जायचा, गाव दुसऱ्या विषयाला लागायचं. आता प्रत्येक जिल्हा आवृत्तीची वेबसाइट आहे. विशीत पळून गेलेल्या मुलीचं नाव पस्तिशीत नोकरीच्या अर्जासाठी कुणी शोधलं की ती बातमी पहिल्या पानावर येते. ज्या बातमीत गुन्हा नव्हता, त्यातली नावं मागाहून काढून टाकायची सोय प्रत्येक पेपरने ठेवायला हवी आणि तिचा ईमेल पत्ता तळाशी ठळक छापायला हवा.

गुन्ह्याच्या बातम्यांबद्दल एकच सांगतो. नवऱ्याने बायकोला मारलं की आपण 'कौटुंबिक वादातून खून' लिहितो. दोन पुरुषांमध्ये तसंच घडलं की मथळ्यात 'समलिंगी संबंधातून खून' येतं. वाद पैशाचा असेल, संशयाचा असेल, दारूचा असेल. मथळा मात्र नात्याला आरोपी करतो.

आता आनंदाच्या जागेबद्दल. 19 मे 2015 रोजी मुंबईच्या 'मिड-डे'त एक जाहिरात आली. पद्मा अय्यर यांनी आपल्या मुलासाठी, हरीश अय्यर यांच्यासाठी, वर शोधायला ती दिली होती. वय, उंची, नोकरी, शाकाहारी हवा, प्राण्यांवर प्रेम करणारा हवा, सगळं रीतसर. बाकी काही मोठ्या पेपरांनी ती आधी नाकारली होती. जाहिरात छापून आल्यावर तिच्यावर टीकाही झाली, कारण जातीची अट नाही म्हणताना कंसात अय्यर असल्यास प्राधान्य असंही लिहिलं होतं. ती टीका मला योग्य वाटते. जातीची चौकट कुणाच्याही लग्नात नको. पण आपल्या पेपरांचं 'वधू पाहिजे - वर पाहिजे'चं पान उघडून बघा. पोटजातीवार मथळे लावून रविवारी तेच तर छापलं जातं, आणि त्याबद्दल कुणी संपादकाला जाब विचारत नाही. पद्माबाईंनी केलं ते एवढंच की इतर आया ज्या पानावर जातात, त्या पानावर त्याही गेल्या. त्या पानाचे गुण-दोष त्यांच्या जाहिरातीतही आले. सेक्शनमध्ये जागा देणं आणि सेक्शन सुधारणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं काम दुसऱ्यासाठी थांबवून ठेवू नये.

अमेरिकेत या लढाईचा एक भाग पेपरांच्या विवाहवार्ता सदरातही लढला गेला. तिथे गावोगावच्या पेपरात नवविवाहितांचा फोटो आणि दोन परिच्छेद माहिती छापायची जुनी पद्धत आहे. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने 1 सप्टेंबर 2002 पासून त्या सदरात समलिंगी जोडप्यांच्या वार्ता घ्यायला सुरुवात केली. तेव्हा अमेरिकेच्या एकाही राज्यात त्यांना विवाहाचा हक्क नव्हता. म्हणजे कायद्याने लग्न म्हणण्याआधी पेपराने समारंभाची नोंद घेतली. याच्या उलट न्यू हॅम्पशायरमध्ये. तिथे जानेवारी 2010 पासून असे विवाह कायदेशीर होते, पण राज्यातल्या सर्वांत मोठ्या पेपराने, 'युनियन लीडर'ने, त्याच वर्षी एका जोडप्याची विवाहवार्ता छापायला नकार दिला. काय छापायचं ते ठरवायचा घटनादत्त हक्क आमचा आहे, असं प्रकाशकांचं म्हणणं होतं. हक्क होताच. पण लग्न कायदेशीर, जोडपं त्याच राज्यातलं, सदर सर्वांसाठी खुलं, आणि तरी या दोघांना जागा नाही, हे त्या हक्काच्या आड लपवता येत नाही.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो मिसिसिपीतल्या लॉरेल नावाच्या लहान गावातला प्रसंग. लॉरेल म्हणजे वीसेक हजार वस्ती, चर्चला जाणारं, जुन्या वळणाचं. फेब्रुवारी 2013 मध्ये 'लॉरेल लीडर-कॉल'ने गावात झालेल्या दोन स्त्रियांच्या लग्नाची बातमी पहिल्या पानावर छापली. दोघींपैकी एकीला मेंदूचा कर्करोग होता. मिसिसिपीत त्या लग्नाला कायद्याची मान्यता नव्हती. बातमी छापल्यावर संतापाचे फोन, शिव्या, वर्गणी बंद करण्याच्या धमक्या सुरू झाल्या. मालकाने उत्तरादाखल लेख लिहिला. त्याच्या म्हणण्याचा आशय असा: आम्ही पहिल्या पानावर खून छापतो, लहान मुलांवर अत्याचार करणारे नराधम छापतो, तेव्हा 'आमच्या मुलांनी हे वाचू नये' म्हणून एकही फोन येत नाही, दोन स्त्रियांनी शपथा घेतल्या की मात्र सगळ्यांना आपल्या मुलांची काळजी वाटू लागते. बातमी लिहिणाऱ्या वार्ताहराच्या मागेही तो ठाम उभा राहिला.

आपल्याकडच्या लहान पेपरांचे मालक हे वाचून म्हणतील की आमचं गणित वेगळं आहे. ते मला माहीत आहे. कागदाचा भाव, सरकारी जाहिरातींची थकलेली बिलं, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या पुरवण्यांवर चालणारा पगार. पण लॉरेलच्या पेपराचंही पोट त्याच गावाच्या वर्गणीवर आणि दुकानदारांच्या जाहिरातींवर भरत होतं.

लग्नाची गोष्ट तरी दुर्मीळ म्हणून सोडून देता येईल. निधनवार्ता चुकवता येत नाही. पान चारवरचा तो साचा आपल्या सगळ्यांना पाठ आहे: 'त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे.' ती ओळ म्हणजे गावासमोर मांडलेली कुटुंबाची शेवटची यादी. त्यात कोण आहे आणि कोण नाही, हे लोक बारकाईने वाचतात.

माझ्या माहितीतल्या दोघी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. नोकरीतल्या ओळखीपासून निवृत्तीपर्यंत आणि नंतरही एकत्र राहिल्या. गल्लीतली मुलं त्यांना मोठ्या बाई आणि धाकट्या बाई म्हणायची. एकाच गॅस कनेक्शनवर स्वयंपाक, संक्रांतीला दोघींच्या हातचं तिळगूळ, सुट्टीत दोघींची मिळून तीर्थयात्रा. गावाने कधी प्रश्न विचारला नाही आणि त्यांनी उत्तर दिलं नाही. मोठ्या बाई गेल्या तेव्हा पुतण्याने पेपराला वार्ता दिली. पश्चात दोन भाऊ, भावजया, पुतणे, भाचे असा मोठा परिवार. धाकट्या बाईंनी त्यांचं सगळं आजारपण काढलं होतं. त्या यादीत त्या नव्हत्या.

तेराव्यानंतर धाकट्या बाई पेपराच्या कचेरीत गेल्या. निधनवार्ता फुकट असते, जाहिरातीला पैसे पडतात. त्या जाहिरातीच्या काउंटरवर गेल्या. पर्समधून मोठ्या बाईंचा पासपोर्ट साइझ फोटो काढला, कागदावर मजकूर लिहिला. काउंटरवरच्या मुलाने मजकूर वाचून विचारलं, "खाली नातं काय टाकू, बाई?" त्या म्हणाल्या, "नातं नको, माझं नुसतं नाव टाक." त्याने कॉलम सेंटिमीटरचा हिशोब केला, पावती फाडली. भावपूर्ण श्रद्धांजली, फोटो, जन्म-मृत्यूच्या तारखा आणि खाली एकटं नाव. पुढे दरवर्षी पुण्यस्मरणाची तशीच जाहिरात येत राहिली. हे सगळं मला बाईंनीच सांगितलं, आवाजात कसलाही कडवटपणा न आणता. कडवटपणा मला आला. गावाने जे फुकट द्यायला हवं होतं ते त्या सेंटिमीटरच्या भावाने विकत घेत राहिल्या.

पेपराने यात काय करायचं? वार्ता घेणाऱ्याने एक प्रश्न विचारायचा: 'त्या कुणासोबत राहत होत्या?' नाव आलं तर यादीत घालायचं. नात्याला कोणता शब्द द्यायचा ते मागे राहिलेल्या व्यक्तीला विचारायचं. तिने नको म्हटलं तर नको.

या नात्यांना विवाहाचा हक्क अजून नाही. 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो मूलभूत हक्क मानला नाही आणि पुनर्विचार याचिका 9 जानेवारी 2025 ला फेटाळल्या गेल्या. पण त्या निकालानंतर केंद्राने समिती नेमली आणि 2024 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात काही गोष्टी स्पष्ट झाल्या. समलिंगी जोडीदार बँकेत संयुक्त खातं उघडू शकतात, एकमेकांना नॉमिनी करू शकतात. रेशन कार्डासाठी त्यांना एकाच घरातले धरावं, असं राज्यांना कळवलं गेलं. जवळचे नातलग उपलब्ध नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा, असं आरोग्य मंत्रालयाने राज्यांना लिहिलं. मी रोज जी जिल्हा पानं चाळतो, त्यांत यातलं काही माझ्या नजरेस पडलं नाही. पीक विम्याची मुदत, आधार अपडेटची शिबिरं, ई-केवायसीची तारीख हे सगळं तिथे चौकटीत येतं आणि लोक ती चौकट कापून तहसीलला घेऊन जातात, कारण खिडकीवरचा कारकून जीआर मानत नसला तरी पेपरातलं कात्रण मानतो.

तशीच एक चौकट या तीन गोष्टींची लावावी. अर्ज कुठे करायचा, कागदपत्रं कोणती लागतात, नकार मिळाला तर कुणाकडे जायचं. कुणाचा फोटो नको, कुणाची मुलाखत नको. सोमवारच्या अंकात, ई-केवायसीच्या शेजारी.